आज जेवायला काय?

४ मार्च

आक्का,

सोबत आपल्या सेवा क्लबचं मार्च महिन्याचं वार्तापत्र आहे. गेली नऊ वर्षं दर महिन्याला पाठवते आहे आणि नऊ वर्षांत तुझं एका ओळीचं उत्तर नाही. पण एकही पाकीट परत आलेलं नाही. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला एवढं कळतं, की घंटा वाजते आहे म्हणजे लाइन जिवंत आहे. समोरचं माणूस उचलत नाही, ही गोष्ट वेगळी.

छापील पानांत मावलं नाही ते इथे लिहिते. अध्यक्ष यंदाही दंतवैद्यच. समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या तोंडात अवजार असतानाच उत्तर स्वतः द्यायचं, ही दवाखान्यातली सवय सभेतही सुटत नाही. पण माणूस सोन्यासारखा आहे. वॉकर आणि कुबड्या उसन्या देण्याची खोली त्यांनी स्वतः चुना लावून रंगवली. अर्धा चुना अंगाला लागला तो भाग सोड. पुढच्या महिन्यात शिवणदिवस आहे. ज्यांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांनी फाटलेले कपडे घेऊन यायचं, ज्यांना दिसतं त्यांनी शिवून द्यायचे. नेत्रतपासणी शिबिर याच महिन्यात बावीस तारखेला आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आपला 'सकाळचा फोन' मात्र जोरात आहे. तीन वर्षांपूर्वी चार जण होते, आता यादीत एकोणीस झाले. सगळे एकटे राहणारे, सगळे सत्तरीच्या पुढचे. सकाळी सात ते आठ मी एकेकाला फोन लावते. 'कसे आहात' असं विचारायचं नाही, हा नियम. कसे आहात विचारलं की मरणाच्या दारातला माणूसही बरा आहे म्हणतो. विचारायचं, "आज जेवायला काय?" ज्याला काय करायचं ते माहीत आहे तो बरा. 'कालचंच' असं तीन दिवस ऐकलं की चौथ्या दिवशी कुणीतरी घरी जाऊन येतं. आणि दोनदा लावून उचलला नाही, तर किल्ली घेऊन जातं. एकोणीस जणांच्या किल्ल्या क्लबच्या फळीवर टांगल्या आहेत. नावं लिहिली तर चोराची सोय व्हायची, म्हणून शिंपीणबाईंनी प्रत्येक किल्लीला ज्याच्या त्याच्या आवडीचं एक बटण बांधलं आहे. कुठलं बटण कुणाचं, ते त्यांच्या वहीत.

मागच्या आठवड्यात भूगोलाच्या बाईंनी फोन उचलला नाही. अध्यक्ष स्वतः धावले. पण पांढरी बटणं दोन निघाली, किल्ली चुकली, आणि वहीत त्या बटणापुढे ज्याचं घर होतं तिथेच ते गेले. आत बेकरीवाले काका आंघोळीला बसले होते आणि गात होते. अध्यक्षांना वाटलं, विव्हळतायत. त्यांनी न्हाणीघराचं दार ढकललं. पुढचं मी लिहीत नाही, वय झालं आपलं. भूगोलाच्या बाई तेवढा वेळ अंगणात कपडे वाळत घालत होत्या. तेव्हापासून पांढरं बटण एकच ठेवलं आहे.

वार्तापत्रात 'कल्पना : आपल्या सचिव' असं छापलंय ते अध्यक्षांनी छापायला लावलं. मी नको नको म्हणत होते.

माझी किल्ली फळीवर नाही. फोन करणारी मीच, मला कोण कशाला फोन करेल? शिवाय आपल्या घराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला आणि दुसरी तू जाताना घेऊन गेलीस.

आई गेली तेव्हा जे झालं ते झालं. दोघींचंही थोडं थोडं चुकलं, असं मी म्हणते. तू काय म्हणतेस ते कळायला मार्ग नाही.

तुझी धाकटी


११ एप्रिल

आक्का,

अक्षर वाकडं आलंय त्याला कारण आहे. पाठीवर पडून लिहिते आहे. वार्तापत्रही या वेळी एकाच पानाचं, आणि ते भूगोलाच्या बाईंनी काढलंय. त्यांनी प्रत्येक बातमीत दिशा घातल्या आहेत. 'शिवणदिवस क्लबच्या ईशान्येकडील दालनात होईल.' आता लोक दालन शोधतायत की होकायंत्र, कोण जाणे.

घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार असशील तर. दोन तारखेला सकाळी मी पडले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सहा-सव्वासहाला मंद आचेवर दूध ठेवलं आणि वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला स्टुलावर चढले. अडुसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते तू मनात म्हणून घे. पाय सटकला आणि मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर. उठायचा प्रयत्न केला तर डोळ्यांपुढे काजवे. फोन बाहेरच्या खोलीत. मधलं दार ओढलेलं. पुढच्या दाराला आतून कुलूप. ओरडून पाहिलं, पण सकाळी या गल्लीत पाण्याच्या मोटारी चालू असतात.

मग दूध उतू गेलं. आच विझली. गॅसचा वास यायला लागला आणि मला बटणापर्यंत हात पोचेना.

सातला मी भूगोलाच्या बाईंना पहिला फोन लावते. त्या माझ्या फोनवर घड्याळ लावतात. त्या दिवशी सात वाजले, सात वाजून पाच झाले, फोन नाही. त्यांनी बेकरीवाल्यांना लावला, "तुम्हाला आला का?" त्यांनी पुढच्याला लावला. असं करत करत एकोणीस जणांनी एकमेकांना विचारलं आणि मग सगळ्यांनी मला फोन लावायला सुरुवात केली. मी जमिनीवर पडून ऐकत होते. घंटा वाजायची, थांबायची, लगेच परत वाजायची. डोकं जड झालं होतं, आणि खरं सांगते, मनात आलं ते हे, की एवढे कॉल एकदम आले तर बोर्डावरची पोरगी रडकुंडीला येईल.

आठच्या आत सात जण दारात होते. बाकीचे बारा आपापल्या घरी फोन धरून बसले होते. भूगोलाच्या बाई वॉकर घेऊन सगळ्यांच्या पुढे, बेकरीवाले काका एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून. फळीवर माझी किल्ली नाही हे कळल्यावर अध्यक्षांनी दार फोडायचं ठरवलं. दात काढणारा माणूस, त्याला सगळं उपटावंसंच वाटतं. पण आपलं दार तुला माहीत आहे, त्याला फोडायला दुपार झाली असती. तेवढ्यात मागच्या खिडकीचं सुचलं. डावं दार खालून वर उचलून ढकललं की कडी निसटते, ती. त्या खिडकीच्या मापात बसणारी एकटी शिंपीणबाई. ती आत आली, गॅस बंद केला, दारंखिडक्या उघडल्या, आणि मग मला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, ती खिडकी नीट लागत असती तर इतका वेळ निघाला नसता. फटीतून हवा येत राहिली म्हणून वाचलात.

आक्का, मला या लोकांचे आभार मानायला शब्द नाहीत, आणि शब्दांवर तर माझं पोट चाललं. तीन वर्षं मी समजत होते, मी त्यांची काळजी घेते. आता शिंपीणबाई संध्याकाळी येऊन माझी वेणी घालते. बेकरीवाले काका रोज अंडं उकडून आणतात आणि समोर बसून संपेपर्यंत हलत नाहीत. वॉकर आपल्याच खोलीतला मिळाला. चुन्याचे डाग अजून आहेत त्यावर.

खिडकीचं भूगोलाच्या बाईंना सुचलं म्हणे. बाई हुशारच.

तुझी धाकटी


१६ एप्रिल

आक्का,

पाच दिवसांत दुसरं पत्र. वार्तापत्र नाही सोबत. नुसतं पत्र.

काल वेणी घालता घालता शिंपीणबाई म्हणाली, "मी तर बाई घाबरले होते. पण आत गेल्याबरोबर आधी गॅस बघा आणि दिव्याचं बटण दाबू नका असं सांगितलेलं होतं, तेच डोक्यात धरलं."

मी म्हटलं, "कुणी सांगितलेलं?"

तिचा कंगवा थांबला. "बाईंनी," ती म्हणाली.

"बाईंना बाहेरून काय माहीत, आत गॅस आहे ते?"

तिला काही खोटं बोलता येत नाही. टाके सरळ घालणाऱ्या बायकांना येतच नाही. मी भूगोलाच्या बाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, वॉकर बाजूला नीट लावला आणि म्हणाल्या, "मी शब्द दिला होता. पण तुम्ही ओळखलंच आहे तर आता तो मोडला असं होत नाही."

वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर संस्थापक सदस्यांची नावं आणि फोन नंबर असतात. तुझा नंबर मी त्यातून कधी काढून टाकला नाही. नऊ वर्षं दर महिन्याला स्वतःच्या हाताने छापते आहे. बाईंच्या पिशवीत अंक होता. सगळे दार फोडायच्या गोष्टी करत असताना, जुन्यांपैकी कुणाला तरी या घराचं माहीत असेल म्हणून त्यांनी बेकरीवाल्यांच्या मोबाइलवरून यादीतला पहिला नंबर लावला, तो तुझा.

बाई म्हणाल्या, दुसऱ्या घंटेला तू उचललास. त्यांनी विचारलं, "त्या घराची दुसरी किल्ली कुठे असते?" तू म्हणालीस, "माझ्याकडे. पण ती पोचेपर्यंत उद्या उजाडेल. मागे जा." मग खिडकीचं सांगितलंस. कुठे धरायचं, किती उचलायचं. आणि म्हणालीस, "आत गेल्यावर आधी गॅस बघा. ती दूध ठेवून विसरते. आणि दिवा लावू नका."

बाईंनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"मी तिची मोठी बहीण. पण मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका."

"का हो?"

"ती आभार मानायला फोन करेल. आणि मला उचलावा लागेल."

आक्का, हे वाक्य मी बाईंकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मग तू फोन ठेवला नाहीस. पंचवीस मिनिटं लाइनवर होतीस. शिंपीणबाई आत गेली, खिडक्या उघडल्या, मी डोळे उघडले, गाडी आली, सगळं बाई तुला सांगत होत्या आणि तू मध्ये मध्ये नुसतं 'हं' म्हणत होतीस. मला गाडीत चढवल्याचं सांगितल्यावर तू 'बरं' म्हणालीस आणि ठेवलास.

मी तुला फोन करणार नाही. तू माझ्या फोनला घाबरतेस, म्हणून नाही करणार. पण लिहायला तू मनाई केलेली नाहीस. तेव्हा लिहिते. तुझ्यामुळे मी जिवंत आहे. तू मला वाचवलंस. हे मी सकाळी उठल्यावर एकदा मोठ्याने म्हणते. ऐकायला घरात कुणी नसतं, तरी म्हणते.

तुझी धाकटी


५ मे

आक्का,

आता वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाते. सोबतचं मे महिन्याचं वार्तापत्र शेवटच्या पानापासून वाच. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. शिवणदिवसाला एकसष्ट कपडे झाले, अध्यक्षांनी स्वतःचा कोट स्वतःच्याच शर्टाला शिवला, वगैरे सगळं आत आहे. रक्तदान शिबिर अठ्ठावीस तारखेला. चष्म्यांच्या जुन्या काड्या गोळा करतो आहोत, तुझ्याकडे असतील तर ठेव.

शेवटच्या पानावर चौकट आहे, 'सचिवांचं निवेदन'. ते मी परवाच्या मासिक सभेत उभी राहून वाचलं. बसून वाचा म्हणत होते सगळे. मी म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी उभी राहूनच बोलले होते.

तुला ते वाक्य पाठ असेल. आई गेल्यावर लोक भेटायला आले होते, पुढची खोली भरली होती, क्लबचे सगळे होते. आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "लोकांच्या आयांचे डोळे तपासत बसलीस आणि आपल्या आईचे मिटले तेव्हा तू कुठे होतीस?" महिन्याभरात तू लेकाकडे निघून गेलीस. त्यानंतर या गावात पाऊल ठेवलं नाहीस.

मी सभेत सांगितलं ते असं. त्या दिवशी एक वाजल्यापासून आईपाशी बसायची पाळी माझी होती. आदल्या रात्री आपण तिघींनी जेवताना ठरवलं होतं. तू एक वाजता शिबिराला गेलीस ते ठरल्याप्रमाणे गेलीस. मी आले पावणेचारला. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचा निवृत्तीचा कार्यक्रम होता आणि तिथे मी नकला करत होते. कुठकुठल्या साहेबांच्या. सगळे पोट धरून हसत होते, म्हणून मी आणखी करत होते. घरी आले तर दाराला आतून कडी, एकटी असली की भिंत धरून जाऊन ती लावायची ना, तशी. आई ओ देईना. मी मागच्या खिडकीपाशी गेले. ती कशी उघडते ते मलाही माहीत होतं, आक्का. मी उघडली नाही. मला आत बघायची भीती वाटली. मी शेजारून तुला शिबिरात फोन केला. तू आलीस, पदर खोचलास आणि खिडकीतून आत गेलीस. मी बाहेर उभी होते.

लोकांना मी सांगितलं, माझी पाळी चारपासून होती. आणि कुणी काही विचारायच्या आधीच तुझ्यावर तुटून पडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तू एक वाक्य बोलली असतीस, 'पाळी तुझी होती,' तर माझी त्या खोलीत शोभा झाली असती. तू माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलीस. नऊ वर्षं गप्प आहेस. मी मार्चच्या पत्रात लिहिलं, दोघींचंही थोडं थोडं चुकलं. तुझं काहीही चुकलं नव्हतं. सगळं माझं होतं.

आणखी एक. 'सकाळचा फोन' ही कल्पना माझी नाही. आई अंथरुणाला लागल्यावर तू क्लबमधून तिला फोन करायचीस, आठवतं? उशाशी ठेवलेला तो फोन. 'कशी आहेस' म्हणून कधी विचारलं नाहीस. विचारायचीस, "आई, आज जेवायला काय?" आणि दोन वर्षं चुलीपाशी न गेलेली आई रोज तेच उत्तर द्यायची, "बटाट्याची भाजी. जरा करपलीय." ती खरंच आयुष्यभर करपवायची. त्या एका प्रश्नावर तिचा दिवस उजाडायचा. मी फक्त तो प्रश्न उचलला आणि आपल्या नावावर छापू दिला. आता चौकटीत नीट छापलंय.

निवेदन वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. अध्यक्ष चष्मा पुसत बसले. मला वाटलं, आता सचिवपद गेलं आणि तोंड दाखवायला जागाही गेली. मग बेकरीवाले काका उठले आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण उद्या सकाळी फोन येणार ना?" सगळे हसले आणि मी रडले. माणसं फार चांगली आहेत आपल्या क्लबची. तू उभी केलेली माणसं आहेत ती.

आता मुद्द्याचं. मला यादीत विसावी म्हणून घातलं आहे. फोन करणारीला फोन कुणी करायचा, यावर सभेत अर्धा तास गेला. तिघांनी हात वर केले. भूगोलाच्या बाई तर मीच करणार म्हणून अडूनच बसल्या. मी सांगितलं, ही जागा काही दिवस रिकामी ठेवा. एका व्यक्तीला विचारायचं आहे.

सकाळी पावणेसात. नंबर तोच आहे. आभार मानणार नाही, शप्पथ. तू फक्त तो प्रश्न विचारायचास, मी उत्तर द्यायचं आणि तू ठेवायचास. नाही जमलं तर राहू दे. तरीही तुझे उपकार माझ्यावर तेवढेच राहतील. ते फोनवर अवलंबून नाहीत.

तुझी धाकटी


१८ मे

आक्का,

पाच तारखेच्या पत्रानंतर दहा दिवस मी साडेसहापासून फोनपाशी बसत होते. फोन आला नाही. अकराव्या दिवशी बाईंना म्हटलं, तुम्हीच करा आता. बाई म्हणाल्या, "थांबा हो. लांबचं टपाल असतं. नकाशात बोटभर दिसतं तेवढं नसतं."

आज टपालाने पाकीट आलं. तुझं अक्षर. हातात घेतलं तेव्हाच लागलं, आत किल्ली आहे. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती घराची किल्ली.

मला वाटलं, संपलं. घराची किल्ली परत पाठवणं याचा दुसरा काय अर्थ होतो? नऊ वर्षं तू उत्तर दिलं नाहीस, पण किल्ली ठेवली होतीस. मला त्या एका गोष्टीचा केवढा आधार होता, ते पाकीट फोडल्यावर कळलं. तासभर मी ती पाकिटात परत घालून ठेवली होती. बघवेना.

संध्याकाळी शिंपीणबाई आली. तिने पाकीट पालथं करून किल्ली हातावर घेतली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे बटण काही माझ्या डब्यातलं नाही."

मी पाहिलंच नव्हतं. किल्लीला बांधलेला दोरा निसटून पाकिटाच्या कोपऱ्यात अडकून राहिला होता, तो तिने सोडवला. करड्या लोकरीचा दोरा, आणि त्याला आईच्या स्वेटरचं बटण. ते मोठं, तपकिरी, एका कडेला टवका गेलेलं. तो टवका तूच दातांनी काढला होतास, तू सात वर्षांची होतीस आणि आईने शाळेच्या सहलीला पाठवलं नाही म्हणून. स्वेटर तू नेलास तेव्हा मी मनात चरफडले होते.

फळीवरच्या किल्ल्यांना बटणं बांधतो, हे मी तुला मार्चमध्ये लिहिलं होतं. म्हणजे तू वाचतेस. सगळं वाचतेस.

शिंपीणबाईने वहीत लिहिलं, 'तपकिरी, टवका गेलेलं : सचिव.' अध्यक्षांनी विसावा हुक ठोकला. हातोडी अंगठ्यावर बसली, पण ठोकला. किल्ली आता तिथे आहे.

मागच्या खिडकीची कडी बदलायला सुतार आला होता. तो म्हणाला, बाई, ही खिडकी बाहेरूनही उघडते, धोका आहे. मी म्हटलं, अहो, तोच तर हिचा गुण आहे. चहा पाजून परत पाठवला.

तुझी धाकटी


१९ मे

आक्का,

आज सकाळी पावणेसातला फोन वाजला.

चौतीस वर्षं मी लोकांना बोलायला जोडून दिलं. हजारो माणसांचे आवाज कानातून गेले. पहिल्या श्वासाला ओळखायचे मी, कुणाला रडू आलंय आणि कुणाला नुसती सर्दी आहे. आज रिसीव्हर कानाला लावला आणि तू म्हणालीस, "आज जेवायला काय?" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

तू थांबलीस. ट्रंककॉल असता तर मी आतल्या आत मिनिटं मोजली असती. मग म्हणालीस, "खिडकीची कडी बदललीस का?"

मी म्हटलं, "नाही."

"नको बदलू," तू म्हणालीस. आणि ठेवलास.

सातला मी बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "आज आवाज का असा येतोय?" मी म्हटलं, सर्दी आहे. एकोणीस जणांना सर्दी सांगितली. बेकरीवाले काका दुपारी वाफ घ्यायचं भांडं घेऊन आले.

एवढं सगळं झालं आणि तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहून गेलं. तीन दिवस धड उत्तर आलं नाही की चौथ्या दिवशी माणूस पाठवायचा, हा आपलाच नियम आहे, आणि तू नियमाची पक्की आहेस. तिथून पाठवायला तुझ्याकडे माणूस नाही म्हणून स्वतः यायची पाळी तुझ्यावर येईल. ये. पण तोवर उत्तर थकायला नको, म्हणून दुपारी स्वयंपाक करता करता लिहायला बसले. एक पाय गॅसपाशी आणि एक कागदापाशी, त्यामुळे व्हायचं तेच झालं आहे. खिडकी उघडी टाकलीय, धूर जातोय.

बटाट्याची भाजी, आक्का. जरा करपलीय.

तुझी धाकटी